आमच्या कौन्सिलची सेवा: 11 वर्षं टॅक्स भरल्यावरचा रिव्ह्यू

एप्रिलचं बिल आलं की आमच्या मराठी व्हॉट्सअॅप ग्रुपवर दरवर्षी तोच प्रश्न येतो, एवढा कौन्सिल टॅक्स भरतो आपण, मिळतं काय त्यात? मी 2014 ला सांगलीहून इथे इंग्लंडमध्ये मिडलँड्सला आले, तेव्हापासून एकच गाव, एकच घर, एकच कौन्सिल (आपल्या नगरपालिकेसारखी), त्यामुळे म्हटलं एकदा नीट बसून लिहावंच, म्हणजे नवीन येणाऱ्यांना पण कळेल आणि माझ्या मनातलं पण बाहेर येईल. गावाचं नाव लिहीत नाही, इथली काम करणारी माणसं आता ओळखीची झालीत आणि त्यांना त्रास व्हावा असं मला अजिबात वाटत नाही.

आधी पैशाचं सांगते. कौन्सिल टॅक्स म्हणजे आपली घरपट्टीच, पण घराच्या आजच्या किमतीवर नाही लागत, 1 एप्रिल 1991 ला त्या घराची जी किंमत झाली असती त्यावरून बँड म्हणजे किमतीचा गट ठरतो, ए पासून एच पर्यंत. हो, 1991! माझी मैत्रीण 2019 साली बांधलेल्या फ्लॅटमध्ये राहते, तिचा पण हिशोब 1991 चाच. बिल सहसा 10 हप्त्यात कापतात, एप्रिल ते जानेवारी, फेब्रुवारी-मार्च मोकळे, ते दोन महिने आम्ही भारताच्या तिकिटाचे पैसे बाजूला टाकतो. आता वाढ बघा, इंग्लंडमधला बँड डी चा (तुलनेसाठी हाच बँड धरतात) सरासरी टॅक्स 2015-16 ला 1,484 पाउंड होता तो 2025-26 ला 2,280 झाला. सामाजिक सेवा ज्यांच्याकडे आहेत त्या मोठ्या कौन्सिलांना वर्षाला 5 टक्के किंवा जास्त वाढवायचं असेल तर गावाचं मतदान घ्यावं लागतं, म्हणून त्यातल्या बहुतेक जणी दरवर्षी बरोबर 4.99 वर थांबतात, त्यातले 2 टक्के फक्त म्हाताऱ्या आणि अपंग माणसांच्या देखभालीसाठी. बिलावर ती ओळ वेगळी छापलेली असते, बघा कधीतरी, बरेच जण बघतच नाहीत.

आता कचरा, कारण सगळ्यात जास्त बोलणं त्याच्यावरच होतं. मी आले तेव्हा काळा बिन दर आठवड्याला न्यायचे, मग दोन आठवड्यांनी, आता तीन. बागेच्या कचऱ्याचा ब्राऊन बिन फुकट होता, त्याला आता वर्षाचे पैसे वेगळे. मोठं सामान टिपवर, म्हणजे कौन्सिलच्या कचरा डेपोवर, नेऊन टाकायला आधी थेट गाडी घेऊन जायचं, आता ऑनलाइन स्लॉट घ्यायचा आणि शनिवारचा स्लॉट मिळायला कधी दहा दिवस लागतात. लहान बाळ असलेल्या घरात तीन आठवड्यांचे डायपर म्हणजे काय होतं ते ज्यांनी बघितलंय त्यांनाच माहीत, उन्हाळ्यात तर झाकण उघडवत नाही, आमच्या समोरच्या घरात जुळी आहेत, त्यांना मोठा बिन मिळवायला फॉर्म भरून सात आठवडे थांबावं लागलं. सेवा म्हणून पाचपैकी तीन देईन. पण गाडीवरच्या माणसांना मी पाचपैकी पाच देते आणि का ते सांगते. आमच्या शेजारच्या आजी 84 वर्षांच्या आहेत, त्यांना बिन ओढत रस्त्यापर्यंत आणता येत नाही, तर गुरुवारी सकाळी सातच्या आत गाडी येते, त्यातला एक माणूस त्यांच्या बाजूच्या फाटकातून आत जातो, बिन घेतो, रिकामा करतो आणि परत जागेवर नेऊन ठेवतो, फाटकाची कडी लावून येतो कारण आजींचा कुत्रा बाहेर पळतो. बर्फ पडला तरी. असिस्टेड कलेक्शन म्हणतात त्याला, पैसे लागत नाहीत, फक्त अर्ज करावा लागतो, तुमच्या शेजारी कोणी वयस्कर असेल तर त्यांना नक्की सांगा.

आणि कचऱ्यावर चिडताना बर्मिंगहॅमचं पण आठवा. तिथे 11 मार्च 2025 पासून बिनवाल्यांचा पूर्ण संप सुरू झाला आणि 31 मार्चला कौन्सिलला मेजर इन्सिडेंट, म्हणजे आणीबाणीच, जाहीर करावी लागली, तेव्हा रस्त्यावर साधारण 17 हजार टन कचरा पडून होता. एवढं मोठं शहर, देशातली सगळ्यात मोठी कौन्सिल, आणि फुटपाथवर काळ्या पिशव्यांचे ढीग.

रस्त्याचे खड्डे, पाचपैकी दोन. ॲपवर फोटो टाकला की नंबर येतो, मोजायला माणूस येतो, खोली कमी भरली तर पुढच्या वर्षी. दिवे मध्यरात्रीनंतर मंद करतात, त्याची मला सवय झाली.

पण हे सगळं होतंय का, ते समजून घेतल्याशिवाय रिव्ह्यू लिहिणं मला बरोबर वाटत नाही. मी पण आधी हेच म्हणायचे की हे लोक पैसे खातात किंवा काम करत नाहीत. मग 2018 मध्ये आमच्या इथे बजेटची मीटिंग होती तिथे जाऊन बसले (कोणीही जाऊ शकतं, वरच्या गॅलरीत बसायचं) आणि माझं मत बदललं. 2010 पासून लंडनच्या सरकारने कौन्सिलांना द्यायचे पैसे कापायला सुरुवात केली, सरकारी खर्च तपासणाऱ्या नॅशनल ऑडिट ऑफिसने 2018 ला हिशोब काढला तर 2010-11 ते 2017-18 या सात वर्षांत सरकारचं अनुदान महागाई धरून 49.1 टक्क्यांनी कमी झालं होतं. जवळजवळ निम्मं! आपल्या घरात एक पगार बंद झाला तर आपण काय करू, हॉटेल बंद, फिरणं बंद, मग क्लास बंद, पण आईचं औषध आणि पोराची फी नाही बंद करता येत. कौन्सिलचं पण हुबेहूब तेच. काही कामं कायद्याने करावीच लागतात, म्हाताऱ्यांची देखभाल, ज्या मुलांना घरात धोका आहे त्यांना सांभाळणं, बेघर कुटुंबाला छप्पर देणं, तिथे नाही म्हणायची सोयच नाही. आणि नेमकी तीच मागणी वाढत चाललीय. इंग्लंडमध्ये आज 1 लाख 20 हजारांहून जास्त कुटुंबं टेम्पररी घरांमध्ये राहतायत, कुणी बी अँड बी मध्ये (छोट्या लॉजसारखं) एका खोलीत चार जण, आणि त्याचं भाडं कौन्सिल भरते. मग उरलेल्या सगळ्यावर कात्री येते, बाग, लायब्ररी, तरुण मुलांचे क्लब, डे सेंटर, रस्ते.

आणि अगदीच नाही जमलं तर सेक्शन 114 ची नोटीस. ही 1988 च्या कायद्यातली आहे, कौन्सिलचा मुख्य हिशोबनीस काढतो, अर्थ असा की वर्षाचा खर्च आता जमेत बसत नाही, कायद्याने लागणारं सोडून नवीन खर्च बंद. 2018 ला नॉर्थॅम्प्टनशायरने काढली, ती कौन्सिल पुढे 2021 ला मोडून तिच्या जागी दोन नवीन केल्या. मग क्रॉयडन, स्लाव, थरॉक, वोकिंग, नॉटिंगहॅम. सगळ्यांचं कारण एकच नाही हे पण सांगायला हवं, थरॉकने सोलरच्या धंद्यात पैसा लावला आणि तो अंगाशी आला, वोकिंगने कर्ज काढून टॉवर बांधले, बर्मिंगहॅमने 5 सप्टेंबर 2023 ला नोटीस काढली त्यात बायकांना पुरुषांइतका पगार न दिल्याची जुनी देणी होती आणि ऑरेकलच्या नवीन कॉम्प्युटर सिस्टीमचा घोळ होता. म्हणजे काही ठिकाणी खरंच चुका झाल्यात, त्या झाकायच्या नाहीत. पण मला विचाराल तर सरकारने निम्मं अनुदान काढून घेतल्यावर धंदा करून पैसा कमवा हा मोह कौन्सिलांना झाला, त्या मोहाचं मूळ तिथेच आहे. बर्मिंगहॅमच्या लोकांना 2024 ला एकदम 10 टक्के वाढ लागली, पुढच्या वर्षी परत साडेसात. चूक कुणाची आणि भरतंय कोण!

2025-26 साठी 30 कौन्सिलांना सरकारने खास परवानगी दिलीय की रोजच्या खर्चासाठी कर्ज काढा नाहीतर इमारती-जमिनी विका. म्हणजे घरातलं सोनं मोडून महिन्याचा किराणा भरायचा. पुढच्या महिन्यात काय मोडणार?

मुलांच्या बाबतीत थोडक्यात लिहिते कारण तो अनुभव माझा नाही, मैत्रिणीचा आहे. शिकताना जास्तीची मदत लागते अशा मुलांना ईएचसीपी नावाचा कायदेशीर प्लॅन मिळतो, तो कौन्सिलने 20 आठवड्यांत द्यायचा असा नियम. तिच्या मुलाला 43 लागले. शाळेचं जवळजवळ अख्खं वर्ष. ती एकटीच नाही, 2024 मध्ये देशभरात निम्म्याहून कमी प्लॅन वेळेत निघाले. जानेवारी 2025 ला असे प्लॅन असलेली मुलं 6 लाख 38 हजार झालीत आणि तपासणाऱ्या सायकॉलॉजिस्ट लोकांची सगळीकडे टंचाई. आमच्या कौन्सिलला इथे मी एकच स्टार देते, आणि तो पण त्या केस ऑफिसर बाईंमुळे, ज्यांनी तिला शेवटी खरं खरं सांगितलं की माझ्याकडे एवढ्या फायली आहेत की तुमच्या मुलाचं नाव वाचलं तरी चेहरा आठवत नाही, सॉरी. सांगताना त्यांचाच आवाज कापत होता म्हणे.

आता लायब्ररी. हा रिव्ह्यू मी खरंतर हिच्यासाठी लिहितेय.

आमची लायब्ररी लाल विटांची, छोटी, बसस्टॉपच्या मागे. मी आले तेव्हा सोमवार ते शनिवार उघडी, दोन लायब्ररियन. नवीन देशात, नवरा दिवसभर ऑफिसला, हातात आठ महिन्यांचं बाळ, बाहेर चार वाजता अंधार, अशा त्या पहिल्या हिवाळ्यात मी तिथे रोज जायचे, मंगळवारी लहान मुलांची गाणी असायची, गोल करून बसायचं, माझी इथली पहिली मैत्रीण तिथेच झाली. आईला फोनवर सांगितलं तर आई म्हणाली अगं बरं झालं, आपल्याकडे शेजारणी असतात, तिकडे तुला ती लायब्ररीवाली बाई मिळाली. खरंच तसंच होतं. त्या लायब्ररियन बाई काउंटरवर पुस्तकं देण्याघेण्यापेक्षा जास्त वेळ लोकांचे फॉर्म भरत बसायच्या, बसपास, ब्लू बॅज (अपंगांच्या पार्किंगचा), युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी भत्ता), प्रिंटरला कागद लावत आणि समोरच्याला सांगत, घाई नाही, बसा.

2017 ला आमच्या शेजारच्या आजी तिथे वर्तमानपत्र वाचायला गेलेल्या असताना खुर्चीतून उठताना अडखळल्या. लायब्ररियन बाईंनी बघितलं, विचारलं घरी बाथरूममध्ये धरायला काही आहे का, नव्हतं, तर तिथेच कौन्सिलच्या ऑक्युपेशनल थेरपिस्टचा (घरात वावरणं सोपं व्हावं म्हणून काय बदल हवेत ते बघणारा माणूस) अर्ज भरून दिला. तीन आठवड्यांत माणूस येऊन टबशेजारी एक, संडासाशेजारी एक आणि मागच्या दाराला एक असे पांढरे दांडे बसवून गेला. आजींना एक पैसा पडला नाही, 1,000 पाउंडच्या आतले असे बदल फुकटच असतात. मी ते दांडे बघितलेत, हात लावून बघितलेत, मागच्या दाराच्या दांड्याचा रंग आता मधोमध गेलाय, रोज धरून धरून. आठ वर्षं झाली, आजी अजून स्वतःच्या घरात राहतात.

2023 ला लायब्ररीचे तास कापले. आता मंगळवार आणि शुक्रवार स्टाफ असतो, बाकी दोन दिवस कार्ड दाखवून पिन टाकून स्वतः दार उघडायचं, आत कॅमेरे, पुस्तक मशीनवर स्वतः नोंदवायचं, वेळ संपली की स्पीकरवर सूचना येते आणि दिवे जातात. मला चालतं ते, माझ्या मुलाला पण चालतं. शनिवारी सकाळी तीन तास आम्ही गावातले व्हॉलंटियर बसतो. पण ज्याला पिन टाकता येत नाही तो दाराबाहेरच राहतो. त्याच वर्षी चर्चच्या हॉलमधल्या म्हाताऱ्यांच्या जेवणाच्या क्लबचं अनुदान पण गेलं, फार मोठी रक्कम नव्हती ती.

आमच्याच रस्त्यावर, 19 नंबरला एक आजोबा राहायचे. कौन्सिलच्याच घरात, भाड्याने. बायको गेली, मूल नाही. क्लब बंद, लायब्ररीतल्या बाई आठवड्यातून दोनच दिवस. त्यांच्या पण बाथरूममध्ये दांडा नव्हता. फोन केला होता त्यांनी कौन्सिलला, मला स्वतः सांगितलं होतं, रेकॉर्डिंगने वेबसाइटवर जा म्हणून सांगितलं आणि त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. मी म्हटलं मी भरून देते, येते शनिवारी, आणि त्या शनिवारी मुलाला ताप होता, पुढच्या शनिवारी आमच्याकडे पाहुणे, आणि जानेवारीत ते टबमध्ये पडले. रात्रभर तिथेच होते. खुब्याचं हाड मोडलं, पाच आठवडे हॉस्पिटल, मग केअर होम. त्यांच्याकडे शिल्लक फारशी नव्हती, म्हणून खर्च कौन्सिलच्या अंगावर आला (23,250 पाउंडांच्या वर शिल्लक असेल तर सगळा खर्च स्वतः करावा लागतो, तो आकडा 2010 पासून बदललेला नाही). केअर होमचं आठवड्याचं बिल हजार पाउंडच्या घरात जातं. दांडा दुकानात 20 पाउंडच्या आत मिळतो, मी नंतर जाऊन बघितला, हातात घेऊन तशीच उभी राहिले होते.

कौन्सिलला हे कळत नाही असं नाही हो. त्या बजेटच्या मीटिंगमध्ये एक बाई अधिकारी हेच सांगत होत्या, की आपण आधी सांभाळायचं काम कापतोय आणि नंतर निस्तरायचा खर्च वाढतोय, पण कायदा निस्तरायला भाग पाडतो, आधी सांभाळण्याच्या बऱ्याचशा गोष्टींना तसा धाक नाही. लायब्ररीचा कायदा आहे 1964 चा, पण किती तास उघडी ठेवायची ते त्यात लिहिलेलं नाही. म्हणून लायब्ररीच्या इमारतीला आणि स्टाफला पाचपैकी पाच, तासांना एक. आणि फोन लाइनला शून्य देता येत असेल तर शून्य, कारण ज्यांना मदत लागते त्यांच्याशीच ती बोलत नाही, 25 मिनिटं संगीत ऐकवून वेबसाइटचा पत्ता सांगते.

एवढं सगळं असून मी टॅक्स कमी करा म्हणणार नाही, आणि ग्रुपवर जे लिहितात की हे सगळं बंद करून प्रायव्हेट द्या त्यांच्याशी माझं जमत नाही. ज्यांना वाटतं काहीच मिळत नाही त्यांनी एकटं राहत असाल तर 25 टक्के सूट घ्या, कितीतरी आपली मुलं एकटी राहून पूर्ण भरतात. बजेटचं कन्सल्टेशन, म्हणजे लोकांची मतं मागवणारा फॉर्म, साधारण हिवाळ्यात निघतं, ते भरा, लायब्ररीत त्याची कागदी प्रत मागितली तर मिळते. आमच्या इथे मागच्या वेळी अख्ख्या वॉर्डातून किती फॉर्म आले माहितीये? 61. नगरसेवकाची सर्जरी (लोकांना भेटायची वेळ, ऑपरेशन नव्हे) महिन्यातून एकदा असते, तिथे जा, मी दोनदा गेले, आमचे नगरसेवक ऐकून घेतात आणि वहीत लिहितात, दुसऱ्यांदा गेले तेव्हा त्यांना माझा पहिला विषय आठवत होता.

मागच्या शनिवारी मी काउंटरवर होते. साडेअकराला एक गृहस्थ आले, काठी होती, ओले झाले होते, त्यांनी खिशातून घडी केलेला फॉर्म काढला, अटेंडन्स अलाउन्सचा (ज्या वयस्कर माणसांना देखभाल लागते त्यांचा भत्ता), बायकोसाठी. हा कौन्सिलचा नसतोच, सरकारचा असतो, पण त्यांना तेवढंच माहीत होतं की लायब्ररीत भरून देतात. मी रेडिएटरजवळची खुर्ची ओढली. एकेक प्रश्न मोठ्याने वाचायचा, ते विचार करून सांगणार, मी लिहिणार, मधेच ते बायकोबद्दल सांगायला लागायचे, रात्री किती वेळा उठावं लागतं, ती त्यांना कधी कधी भाऊ समजते. पाऊण तासात आम्ही अर्ध्यापर्यंत आलो आणि स्पीकरवर सूचना सुरू झाली, लायब्ररी दहा मिनिटांत बंद होतेय. त्यांनी विचारलं मंगळवारी कोणी असतं का. मी म्हटलं लायब्ररियन बाई असतात, पण लाइन असते, तुम्ही दहाला या, मी येते. मंगळवारी माझं ऑफिस असतं. सोमवारी मॅनेजरकडे हाफ डे मागितला.